इंगळी मृगाआधीच व्याली! पाळलेल्या विंचवांच्या विणीचा हंगाम नक्की ठरवतं कोण?

माणदेशी_माती | 23 मार्च, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण तपशील नसला की उत्तर देणाऱ्यांची पंचाईत होते.

मी माणदेशातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. गेल्या नोव्हेंबरात आमच्या मागच्या माळावर पाया खणायला जेसीबी आला आणि इंगळ्यांची बिळं उघडी पडली. मजुरांनी दोन ठेचल्या. उरलेल्या तीन मी चिमट्याने डब्यात घेतल्या आणि तिन्ही माद्या निघाल्या. (पोटाखालचे कंगवे आखूड आणि दात कमी, त्यावरून ओळखल्या.) काळ्याशार, उन्हात हिरवट झाक मारणाऱ्या, विस्तीर्ण आकड्यांच्या (म्हणजे पुढचे चिमटे, नांगी नव्हे).

तिघींना वेगवेगळ्या काचपेट्यांत ठेवलं. लाल माती आणि कोकोपीट वीतभर खोल, वर कौलाचा तुकडा, एका कोपऱ्यात ओल, पाण्याची उथळ बशी. आठवड्याला एक-दोन नाकतोडे किंवा झुरळं. एकच फरक केला. पहिलीची पेटी माझ्या खोलीत आहे, तिथे डिसेंबरात फार गारठा पडतो म्हणून पेटीखाली गरम होणारी चटई लावली. दुसरी आणि तिसरी प्रयोगशाळेत आहेत, तिथे जे असेल ते हवामान.

19 मार्चला सकाळी पहिलीचं कौल उचललं तर पाठीवर पांढरीशुभ्र पिल्लं! मोबाइलवर फोटो काढून मोजली, 17 भरली. दुसरी-तिसरीकडे काहीच हालचाल नाही.

माझा प्रश्न असा. लहानपणापासून माळावर पाठीवर पिल्लं घेतलेल्या इंगळ्या मी पाहिल्यात त्या ज्येष्ठ-आषाढात. मृगाचा किडा दिसायला लागला की दगडाखाली इंगळीही दिसणार, हे आमच्याकडे ठरलेलं. मग ही फाल्गुनातच कशी व्याली? अजून वळीवसुद्धा झालेला नाही. आणि आता पिल्लांचं मी काय करू? माझी आई म्हणते की पिल्लं आईची पाठ खाऊन मोठी होतात, तिला लवकर वेगळी कर.

---

जुना_परिचर | 23 मार्च, रात्री 10:25

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे. काहीही वेगळं करू नका. कौल पुन्हा उचलू नका, पेटीला काळा कागद गुंडाळा, पाण्याची बशी तेवढी भरलेली ठेवा आणि दहा-बारा दिवस तिकडे फिरकू नका. नुकत्याच व्यालेल्या मादीला सारखा उजेड, धक्का, हलवाहलव झाली की ती स्वतःचीच पिल्लं खाते. मी विंचवांच्या पेट्या सांभाळण्यात नोकरीची बरीच वर्षं घालवली आहेत आणि हे नको तितक्या वेळा पाहिलं आहे. जवळजवळ प्रत्येक वेळी कुणीतरी उत्साहाने झाकण उघडलेलं असायचं.

पिल्लं आईला खातात हे खरं नाही. त्या वयात ती काहीच खात नाहीत. पोटात उरलेल्या साठ्यावर जगतात, नांगीला धार नसते, आकडे लुळे असतात. पायांच्या टोकांना चिकटण्याची सोय असते, तिच्या जोरावर ती आईच्या पाठीवर बसतात. पहिली कात टाकेपर्यंत तेच त्यांचं घर. आपल्याकडे ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतात ते अक्षरशः हेच बिऱ्हाड. आईला पिल्लांनी पोखरलं असं लोकांना वाटतं त्याचं कारण मला वाटतं असं, की बाळंतीण मादी दिवसेंदिवस शिकार करत नाही, पोट खपाटीला जातं, आणि म्हातारी असेल तर त्यातच मरते. मग मेलेल्या आईजवळ पिल्लं दिसतात.

आता हंगामाबद्दल. तुम्ही तिला नोव्हेंबरात आणलीत, म्हणजे ती गाभण होऊनच आली. तिचं मीलन माळावर कधी झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. त्यामुळे ‘पेटीत चार महिन्यांत व्याली’ असं वहीत लिहू नका. वहीत तीन गोष्टी हव्यात: पकडल्याची तारीख, व्याल्याची तारीख आणि मधल्या काळातलं रात्रीचं तापमान. दिवसाचं सगळे लिहितात, रात्रीचं कुणी लिहीत नाही.

---

रातकिडा | 24 मार्च, सकाळी 7:15

माणदेशी_माती, फोटो टाकलात तर बरं होईल. तुमच्या वर्णनावरून ही आपली मोठी काळी इंगळी. जुन्या पुस्तकांत या सगळ्या ‘हेटेरोमेट्रस’ असायच्या. 2020 साली या गटाची मोठी फेरमांडणी झाली आणि भारतातल्या बऱ्याच जाती नव्या नावांखाली गेल्या: दख्खनच्या काही ‘डेक्कनोमेट्रस’, सह्याद्रीतल्या काही ‘सह्याद्रीमेट्रस’. वर्गात शिकवताना हे सांगाच, मुलांना आपल्या डोंगराचं नाव शास्त्रीय नावात ऐकून फार आनंद होतो.

परिचरकाकांच्या मुद्द्याला थोडी पुस्ती जोडतो. विंचू अंडी घालत नाहीत, सगळेच जिवंत पिल्लं देतात. पण पोटातली व्यवस्था दोन तऱ्हांची आहे. लाल विंचवाच्या कुळात गर्भ गर्भनळीतच वाढतो आणि बराचसा बलकावर पोसला जातो. इंगळीच्या कुळात प्रत्येक गर्भाला नळीच्या बाजूला फुटलेली स्वतंत्र पिशवी असते. त्या पिशवीच्या टोकाला एक दोरीसारखा अवयव असतो, तो गर्भ तोंडात धरतो आणि आईकडून येणारं अन्न त्यातून ओढून घेतो. जन्माआधीच दूध पिण्यासारखंच आहे हे! केरळात ए. पी. मॅथ्यू यांनी 1950 च्या दशकात आपल्याच इंगळीवर याचं तपशीलवार काम केलं आहे.

आता याचा हंगामाशी संबंध काय? बलकावरच्या गर्भाची शिदोरी आधीच बांधून दिलेली असते. इंगळीचा गर्भ मात्र महिनोन्‌महिने आईच्या रोजच्या खाण्यावर अवलंबून असतो. आई उपाशी, आई गारठलेली, की गर्भही रेंगाळतो. आई उबेत आणि पोटभर, की गर्भ भराभर वाढतो. म्हणून लाल विंचवाच्या कुळात गर्भारपण साधारण काही महिन्यांत उरकतं. आफ्रिकेतल्या ‘सम्राट’ विंचवाचं सात ते नऊ महिने सांगतात, पण त्याहून लांबल्याच्याही नोंदी आहेत. इंगळीच्या भाऊबंदांत वर्षभर धरून चालावं.

तुम्ही चटई लावून तिचा हिवाळाच काढून टाकलात. तिच्या शरीराच्या हिशेबाने मृग येऊन गेला.

---

वाशिष्ठीकाठ | 24 मार्च, सकाळी 11:02

कोकणातून लिहितोय. धागा इंगळीचा आहे ते कळतं, पण वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी ‘विंचू पाळता येतो’ एवढंच डोक्यात घेईल, म्हणून मध्ये बोलतो. आमच्याकडचा लाल विंचू, तो चिऱ्याच्या गडग्यात आणि गवताच्या भाऱ्यात असतो तो, घरी ठेवायचा प्राणी नाही. इंगळी केवढी भयंकर दिसते, पण डंख मुख्यतः ठणकतो. लाल विंचू बोटाएवढा असतो आणि लहान मुलाचा जीव घेतो. घाम, उलट्या, हातपाय गार, मग हृदय आणि फुप्फुसं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर वापरून दाखवलं, त्याआधी दवाखान्यात पोचलेली मुलंसुद्धा दगावायची. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वाडीत लोकांनी पेढे वाटले. माझा चुलतभाऊ त्या औषधामुळे आज आहे. डंख झाला की मंत्र, चुना, दोरी बांधणं यात अर्धा ताससुद्धा घालवू नका, थेट दवाखाना.

हंगामाचं म्हणाल तर भातकापणीच्या दिवसांत आणि पुढे मे महिन्यात घरं शाकारताना, अशा दोन वेळा आमच्याकडे विंचू जास्त दिसतात. पण ‘दिसतात’ म्हणजे ‘वितात’ असं नाही. आपण त्यांच्या घरात हात घालतो तेव्हा ते दिसतात.

---

जुना_परिचर | 24 मार्च, दुपारी 1:30

वाशिष्ठीकाठ, लाख मोलाचं लिहिलंत. आमच्या जागी लाल विंचू विषासाठी ठेवलेले असत. लांब चिमटा, जाड बूट आणि खोलीत दोन माणसं असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. तरीही डंख झालेले पाहिले आहेत.

त्याच काळातली एक गोष्ट सांगतो. एका खेपेला आलेल्या लाल माद्या एकेकट्या डब्यांत ठेवल्या होत्या. एक व्याली, आम्ही पिल्लं वेगळी केली. पुढे काही महिन्यांनी तीच मादी पुन्हा व्याली, मधे नराचं तोंडही न पाहता. माझ्यावर रागावले सगळे, की तूच नोंद चुकवलीस, नर आत सोडला असशील. माझी नोंद बरोबर होती. या कुळातल्या बऱ्याच जातींत मादी नराचं बीज साठवून ठेवते आणि एका मीलनावर एकाहून जास्त विणी काढते. मला हे बऱ्याच वर्षांनी एका संशोधकांनी समजावून सांगितलं, तेव्हा कुठे मनावरचं ओझं उतरलं.

---

वाळवंटातली_मराठी | 24 मार्च, रात्री 11:48

मी फिनिक्स, ॲरिझोनाला असते. इथे घराच्या भिंतींवर चढणारा पिवळट विंचू असतो, ‘बार्क स्कॉर्पियन’. रात्री अतिनील टॉर्च घेऊन अंगणात फिरायचं, हा आमच्या गल्लीतला उन्हाळी कार्यक्रम. सगळे विंचू हिरवे-निळे चमकतात. पण पाठीवर पिल्लं असलेली आई चमकते आणि पिल्लं चमकत नाहीत, ती फिकी राहतात! पहिली कात टाकून कातडी घट्ट झाली की मग तीही चमकायला लागतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं आईच्या पाठीवर भाताची शितं सांडलीत.

इथे पिल्लंवाल्या आया जुलै-ऑगस्टात दिसतात. इथल्या त्या पावसालाही मान्सूनच म्हणतात, 15 जून ते 30 सप्टेंबर असा अधिकृत काळ धरतात. म्हणजे अर्ध्या पृथ्वीपलीकडच्या विंचवाचंही पावसाशीच सूत जुळलेलं. रातकिडा, मग मूळ कारण पाऊस नाही का? तुम्ही ऊब म्हणताय.

---

रातकिडा | 25 मार्च, सकाळी 6:50

चांगला प्रश्न. मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. कशामुळे गर्भ पिकतो, आणि कशासाठी तो त्या वेळी पिकणं फायद्याचं.

फायदा पावसाचा. आपल्याकडे पहिल्या सरीनंतर वाळवीला पंख फुटतात, संध्याकाळी दिव्याभोवती थवे येतात. भुईवर बारीक किड्यांची रेलचेल होते. नुकतं पाठीवरून उतरलेलं पिल्लू मोठा नाकतोडा धरू शकत नाही, त्याला हे बारीक खाणं लागतं. शिवाय कोवळी कातडी कोरड्या हवेत लगेच सुकते, पावसाळी हवेत तगते. एप्रिलच्या उन्हात जन्मलेली पिल्लं माळावर मरतील, ज्येष्ठातली जगतील. पिढ्यान्‌पिढ्या हीच निवड होत आली.

पण मादीच्या शरीराला कॅलेंडर दिसत नाही. तिला जमिनीतली ऊब कळते आणि पोटातलं अन्न कळतं. माळावर हिवाळा, मग तापता उन्हाळा, मग पाऊस, हा क्रम बदलत नाही, म्हणून ऊब मोजत गेलं तरी ती बरोबर पावसाला पोचते. पेटीत आपण तो क्रम मोडतो.

---

जुना_परिचर | 25 मार्च, सकाळी 9:10

इथे माझा थोडा मतभेद नोंदवतो. ओलीचा वाटा तुम्ही फार कमी धरताय. माझ्या अनुभवात दिवस भरलेल्या माद्या कोरड्या पेटीत अडून बसतात, आणि माती नीट भिजवली की दोन-चार दिवसांत वितात. कागदावर सिद्ध करून दाखवता येणार नाही, पण इतक्यांदा घडलं आहे की योगायोग म्हणवत नाही.

आणि ताई, ती चटई. पेटीखालून काढा, बाजूच्या काचेला लावा. जमिनीत खाली जावं तसं गार लागतं, हे इंगळीला जन्मजात ठाऊक असतं. चटका बसला की ती खाली खणते. तुमच्या पेटीत खाली गेली की अजून गरम! मी अशा भाजून, सुकून मेलेल्या माद्या पाहिल्यात. मात्र आत्ता पिल्लं पाठीवर असताना पेटी उचलू नका, नुसतं बटण बंद करा. मार्चात तुमच्याकडे तिची गरजही नाही.

---

माणदेशी_माती | 25 मार्च, रात्री 8:30

बटण बंद केलं आहे. मला हे सुचायलाच हवं होतं, कारण जेसीबीने उघडी पाडलेली बिळं हात-दीड हात खोल होती आणि तळाशी माती गारच लागत होती. मी स्वतः हात घालून पाहिली होती.

आईला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मग पाठ खपाटीला गेलेली मी पाहिली ती बाळंतिणीची होती तर.’ तिला फार बरं वाटलं.

---

गारठा | 26 मार्च, रात्री 2:15

इंग्लंडहून. उलट टोकाचं उदाहरण देतो. केंट परगण्यात शीर्नेस बंदर आहे. तिथल्या जुन्या गोदीच्या भिंतींच्या फटींत पिवळ्या शेपटीचे छोटे विंचू एकोणिसाव्या शतकापासून राहतात, इटलीकडच्या जहाजांतून आले असं मानतात. मी पाहून आलो आहे. लहानखुरे, निरुपद्रवी. एवढासा जीव, पण गर्भारपण दहा महिन्यांच्या वर जातं, कारण वर्षातला बराच काळ थंडीत नुसता बसून काढायचा. वीण उन्हाळ्यात. हे विंचू पाळणारे इथले लोक हिवाळ्यात पेटी मुद्दाम थंड जागी ठेवतात. बारा महिने उबेत ठेवलं की माद्यांच्या विणी कशाही, केव्हाही होतात, असा त्यांचा अनुभव.

म्हणजे माणदेशी_माती यांच्या पहिल्या मादीचं झालं ते जगभर होतं. मला उलट दुसरी आणि तिसरी कधी विते याची उत्सुकता आहे.

---

कृष्णाकाठ | 26 मार्च, सकाळी 10:05

मस्त धागा. दोन प्रश्न. इंगळीचा नर मिळाला तर मीलन कधी घडवावं? आणि तो आफ्रिकेतला सम्राट विंचू भारतात कुठे मिळेल?

---

जुना_परिचर | 26 मार्च, दुपारी 12:40

दुसऱ्याचं आधी. तो नाद सोडा. सम्राट विंचू सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, जंगलातून बेसुमार उचलला गेला म्हणून. आपल्या वन्यजीव कायद्यातही 2022 च्या दुरुस्तीने सायटिसच्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली आहे, नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. आणि माळावरच्या इंगळ्यासुद्धा हौसेखातर उकरू नका. माणदेशी ताईंच्या तिघी जेसीबीखालून वाचवलेल्या आहेत, ती गोष्ट वेगळी.

मीलन कधी? दोघं पूर्ण वाढलेले, मादी पोटभर खाल्लेली आणि पाठीवर पिल्लं नसलेली हवी. नर मादीचे आकडे आपल्या आकड्यांत धरतो आणि तिला पुढेमागे चालवत राहतो, कधी काही मिनिटं, कधी तासन्‌तास. लोकांना नाच वाटतो. प्रत्यक्षात नर पोटाखालच्या कंगव्यांनी जमीन चाचपत असतो. त्याला खडबडीत, टणक जागा हवी असते, कारण तिथे तो बीजाची कांडी उभी चिकटवतो आणि मग मादीला ओढून बरोबर तिच्यावर आणतो. पेटीत नुसतं भुसभुशीत कोकोपीट असेल तर कांडी उभीच राहत नाही. आमच्याकडे कितीतरी जोड्या अशा फुकट गेल्या. मग एकाने सपाट फरशीचा तुकडा ठेवला आणि काम झालं. हंगाम हंगाम म्हणून आम्ही डोकं धरून बसलो होतो, आणि अडलं होतं एका फरशीवर.

संपलं की नराला लगेच बाहेर काढा. तो स्वतः पळतोच, पण पेटीत पळून जाणार कुठे?

---

रातकिडा | 26 मार्च, सायंकाळी 6:20

यात अजून एक भर. नराशिवाय वीण झाली की लगेच ‘बीज साठवलं होतं’ असंही धरू नये. ब्राझीलमधला पिवळा विंचू, टिटियस सेर्युलाटस, नराशिवायच पिल्लं देतो. म्हणूनच तिथल्या शहरांत तो एवढा पसरला: गटारात पोचलेली एक मादी पुरते. मादी पिल्लू असल्यापासून एकटी वाढवली असेल तरच खात्रीने सांगता येतं. म्हणजे फिरून परिचरकाकांच्या नोंदवहीवरच आलो. प्राणी तुमच्या हाती कोणत्या वयात आला, हे पहिल्या ओळीत हवं.

---

माणदेशी_माती | 2 एप्रिल, रात्री 9:05

पहिलीच्या पिल्लांनी 31 मार्चला, बाराव्या दिवशी, कात टाकली. आईच्या पाठीवर पांढऱ्या पापुद्र्यांचा ढीग आणि त्यात करडी-तपकिरी, बारीक नांगी उचललेली पिल्लं! फोनवर मोजली, 16 आहेत. एक कमी झालं. आज पाच खाली उतरून ओल्या कोपऱ्यात बसली होती आणि मी टॉर्च बंद केल्यावर पुन्हा आईकडे गेली. अतिनील टॉर्चखाली आता मंद चमकतात, फिनिक्सच्या ताईंनी सांगितलं तसंच.

त्यांना वेगळं कधी करू? बाहेर 39 अंश आहे आणि बारीक किडे माळावर नावालाही नाहीत.

---

रातकिडा | 3 एप्रिल, सकाळी 7:30

घाई नको. इंगळीची पिल्लं आईजवळ राहिली तर चांगलीच. कर्नाटकात शिवशंकर यांनी इंगळीच्या एका जातीत आई आणि पिल्लं एकाच बिळात दीर्घकाळ एकत्र राहतात हे 1994 मध्ये मांडलं आहे. लाल विंचवाची पिल्लं मात्र एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात.

खाण्यासाठी आत्ताच पिठातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या लावा. कोंड्याचा डबा, वर बटाट्याची फोड, महिन्याभरात बारीक अळ्या तयार होतात. तोवर मोठी अळी ठेचून कौलाखाली ठेवा. माळावरचा मृग तुम्हालाच डब्यात करावा लागणार.

---

माणदेशी_माती | 27 जून, रात्री 10:50

धागा वर काढते, कारण सांगण्यासारखं आहे.

पहिलीची 13 पिल्लं जगली आहेत, आठांनी दुसरी कात टाकली. तीन एप्रिलच्या उष्म्यात गेली. दोन दिवस मी गावाला होते आणि ओल सुकली.

10 जूनला इकडे पहिला दणदणीत पाऊस झाला. प्रयोगशाळेच्या खिडक्या उघड्या राहिल्या होत्या, पेट्यांतल्या मातीला हाताला ओल लागत होती. दुसरी 14 जूनला व्याली, 22 पिल्लं. तिच्या पेटीतलं रात्रीचं तापमान मी 27 मार्चपासून रोज लिहिलं आहे, तक्ता उद्या टाकते. परिचरकाका, ओलीचा तुमचा मुद्दा मी वहीत स्वतंत्र रकान्यात लिहिला आहे. रातकिडा, ऊबही त्याच काळात उतरली होती, तेव्हा दोघांपैकी कुणाचा विजय झाला असं मी म्हणणार नाही.

तिसरी अजून व्यालेली नाही. तिच्या पोटाच्या बाजूचा पापुद्रा ताणून फिका दिसतो आहे, दोन दिवसांपासून तिने झुरळाला तोंड लावलेलं नाही. पेटीला काळा कागद गुंडाळला आहे आणि दारावर पाटी लावली आहे: ‘झाकण उघडू नये’.